गाठ बांधून पळायचं

आमच्या घरमालकीणबाईंशी बसून बोलायचं भाग्य अंबरनाथ पश्चिमेत फार थोड्यांना लाभलं असेल. त्या बसतच नसत. भिंतीला ओल आलीये हे सांगायला गेलं, की "चल, जाता जाता बोलू" म्हणत पिशवी उचलायच्या आणि निघायच्या. भाडेकरूनं मागोमाग जायचं. ओलीचा विषय पिठाच्या गिरणीपाशी निघायचा, पोस्टापाशी रंगात यायचा आणि भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी हुंगत मालकीणबाई "बघते ना मी" म्हणून तो संपवायच्या. परत येताना जुडी भाडेकरूच्या हातात असायची. ओल पुढच्या पावसाळ्यापर्यंत जशीच्या तशी राहायची, पण भांडण म्हणून कधी झालं नाही. धापा टाकत कोण भांडणार?

मी लग्न होऊन त्यांच्या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या बदलापूर गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. उंच, रुंद, आणि पदर असा खोचलेला की आता कुठल्याही क्षणी विहिरीत उतरतील. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या जोडीला काळ्या दोऱ्यात एक लोखंडी शिट्टी. नळाला पाणी आलं की एक लांब शिट्टी, जायला लागलं की दोन आखूड. पहिल्या सकाळी शिट्टी ऐकून मी पोलीस आले समजून नवऱ्याला उठवलं होतं. "पोलीस नाहीत, पाणी आहे," हे म्हणाले आणि बादली घेऊन धावले. पुढे त्या शिट्टीची इतकी सवय झाली की माहेरी गेले तरी पहाटे जाग यायची.

मालकीणबाईंची उलट बाजू म्हणजे त्यांचे यजमान, काका. काका तळमजल्याच्या खिडकीपाशी, आरामखुर्चीत बसलेले असत. सकाळी मी दूध घ्यायला उतरे तेव्हा तिथेच, संध्याकाळी भाजी घेऊन येई तेव्हा तिथेच. तब्येत ठणठणीत होती. स्टेशनच्या पलीकडे एक कारखाना होता, तिथे ते सुपरवायझर होते, आणि तो बंद पडून तीन वर्षं झाली होती. कारखाने तेव्हा कितीतरी बंद पडले. माणसं चार दिवस हातपाय गाळून बसायची, मग कोणी रिक्षा घ्यायचं, कोणी भाजीची गाडी लावायचं. काका मात्र घराबाहेरच पडेनात. दाढी करायला न्हावी घरी यायचा. लग्नकार्याला मालकीणबाई एकट्या जायच्या आणि "यांच्या पोटात दुखतंय" असं सांगायच्या. मला वाटायचं, माणूस एकलकोंडा असेल. खरं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं.

आमच्या भागातल्या मंडळाचा माघी गणपती असायचा आणि त्यात जोडप्यांची दौड. नवऱ्यानं फेटा बांधायचा, मुंडावळ्या लावायच्या, बायकोनं शालू नेसायचा, आणि त्याचं उपरणं आणि तिचा पदर यांची लग्नात बांधतात तशी गाठ मारून दोघांनी पळायचं. गाठ सुटली की जोडी बाद. ही कल्पना मंडळाच्या कोणत्या सुपीक डोक्यातून निघाली होती देव जाणे, पण गर्दी आरतीपेक्षा तिला जास्त व्हायची. सराव वगैरे कोणी करत नसे. फार तर आदल्या दिवशी गच्चीत दोन फेऱ्या मारायच्या आणि बायकोचा पाय मुरगळून घ्यायचा.

माझी पहिली मंगळागौर मालकीणबाईंनी त्यांच्या घरात केली. फुगड्या रंगात आल्या असताना त्यांनी शिट्टी वाजवली. सगळ्या बायका नळाकडे धावणार होत्या, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "यंदा माघातल्या दौडीत आमची जोडी उतरणार. उद्यापासून सराव."

"काकू, श्रावण चाललाय," कोणीतरी म्हणालं. "माघाला अजून किती अवकाश आहे."

त्यावर मालकीणबाईंनी जो हिशेब मांडला, तो मी अजून विसरलेले नाही. त्या माघापासून उलट्या मागे आल्या. पौषात लग्नं नसतात, तेव्हा नवरा-नवरी गाठ मारून रस्त्यानं पळाली तर लोक गोंधळणार नाहीत, म्हणून खरं पळायचं पौषात. मार्गशीर्षात बायकांचे गुरुवारचे उपास, त्यामुळे वेग कमी. कार्तिक गेला दिवाळीचा फराळ अंगातून उतरवण्यात. आश्विनात नवरात्र आणि फराळ करायची गडबड. भाद्रपदात गौरी-गणपती आणि नंतर पितर. "मंग उरला कोणता? श्रावणच ना गो? श्रावणात सुरू नाय केलं तर माघात पोचणार कसे आम्ही?"

आतल्या खोलीत खुर्चीत बसलेल्या काकांनी हे सगळं ऐकलं असणार, पण तिकडून पेपर उलटल्याचा आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला तो स्वयंपाकघरात. मी साखर मागायला गेले होते म्हणून मला तो बघायला मिळाला. काका पेपर वाचत होते. मालकीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर उपरणं टाकलं, आपल्या पदराशी त्याची गाठ मारली आणि "दूध उतू जातंय" म्हणत आत निघाल्या. काकांना उठण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. दुधानंतर फोडणी, फोडणीनंतर तुळशीला पाणी, मग मागच्या दारी घासलेली भांडी. काका हातात पेपर धरून मागोमाग फिरत होते. चिडलेले दिसत होते, पण गाठ काही सोडत नव्हते. मी साखर न घेताच वर आले आणि खूप हसले. हे असं भाद्रपदापर्यंत रोज चाललं. पुढे पुढे काका मागच्या दारी भांड्यांवर पाणी ओतताना दिसायला लागले.

बुटांची गोष्ट याच दिवसांतली. काकांसाठी कॅनव्हासचे बूट घ्यायचे होते आणि काका दुकानात येणार नव्हते. मालकीणबाईंनी वर्तमानपत्रावर त्यांचं पाऊल ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली, पाऊल कापून काढलं आणि ते घेऊन चालत उल्हासनगरच्या कॅम्प पाचात गेल्या. सोबतीला अर्थात मी, कारण आमच्या मोरीचा नळ गळत होता आणि त्याबद्दल मला बोलायचं होतं. दुकानदार सिंधी, वयस्कर, गोड बोलणारा. त्यानं तो कागद हातावर ठेवून बराच वेळ पाहिला.

"काकी, अंकल बैठे थे क्या, जब नाप लिया?"

"हां, कुर्सी में."

"तभी. ये बैठे हुए आदमी का पाँव है. खड़ा करो, वजन आएगा, पाँव फैलेगा. फिर नाप लाओ."

"अरे बाबा," मालकीणबाई म्हणाल्या, "वो खड़ा रहता तो मैं उसकोच इधर नहीं लाती क्या?"

दुकानदार हसला, पण बूट काही दिले नाहीत. काकी, जूते काटेंगे तो अंकल फिर कभी नहीं पहनेंगे, म्हणाला. परत येताना मालकीणबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प चालत होत्या. माझा नळाचा विषयही मी काढला नाही. गिरणीपाशी आल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या, आणि तेव्हा मला काकांच्या खुर्चीचं कारण कळलं.

कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी कामगार गेटवर जमले होते. मॅनेजर लोक मागच्या दारानं गेले. जाताना त्यांनी काकांना सांगितलं, की दिवाळीच्या आत गेट उघडतंय, कामगारांना समजवा. काकांनी गेटवर उभं राहून आपल्या खात्यातल्या माणसांना सांगितलं, "दिवाळीच्या आत उघडेल. माझा शब्द." माणसांनी त्यांचं ऐकलं आणि घरी गेली. बऱ्याच जणांनी त्या भरवशावर दुसरीकडे आलेली कामं नाकारली. दिवाळी आली, गेली, गेट उघडलं नाही. त्यानंतर काकांनी भाजी घ्यायला जावं तर गाडीवर आपला कामगार, रिक्षाला हात करावा तर आत आपला कामगार. दोन-तीनदा ते तोंड चुकवून रस्ता ओलांडून गेले. मग त्यांनी जाणंच सोडलं.

"मना ती शर्यत बिर्यत काय जिंकायची नाय गो," मालकीणबाई म्हणाल्या. "मना हा माणूस रस्त्यावर आणायचाय. त्या खुर्चीत मेला तर मी कोणाला तोंड दाखवू? खुर्चीला?"

घरी आल्यावर त्यांनी काकांना उभं केलं आणि पुन्हा माप घेतलं. कॅम्प पाचातला दुकानदार खरं बोलत होता. नवं पाऊल जुन्या कागदाबाहेर चांगलं आलं होतं.

पितर संपले, आश्विन लागला आणि मालकीणबाईंनी बिल्डिंगमधल्या सगळ्या जोडप्यांना दौडीत उतरवलं. विचारलं नाही, फक्त सांगितलं. यात त्यांचा डाव होता. काकांना त्या म्हणाल्या, "ही पोरं येडी हायत, यांना पळता येत नाय. तुम्ही जरा बघा." काका फाटकापर्यंत आले, आमचं पळणं पाहिलं आणि त्यांच्यातला सुपरवायझर जागा झाला. पहाटे रस्त्यावर कोणी नसायचं, त्यामुळे ते गल्लीच्या तोंडापर्यंत येऊ लागले. आमच्या यांना ते म्हणाले, "तुमच्या एकट्याच्या स्पीडला किंमत नाही. लाईन सगळ्यात हळू मशीनच्या हिशेबानं चालते. जो हळू, त्याला पुढे घ्या. मागच्यानं त्याच्या पायांकडे बघून पळायचं, म्हणजे गाठीला ताणच बसत नाही."

गंमत अशी की बिल्डिंगमधल्या आम्ही सगळ्या बायका शालूमुळे हळू, म्हणून आम्ही पुढे आणि नवरे मागे. एकट्या मालकीणबाई काकांपेक्षा जलद, म्हणून त्यांच्या जोडीत काका पुढे. पहाटेच्या अंधारात आमच्या यांना हे चालत होतं. माझ्या मागून ते इतके छान पळायचे, की मला पाठीवर हात असल्यासारखं वाटायचं.

पौष लागला तेव्हा काका गिरणीपर्यंत पळत होते. मधूनमधून थांबायचे, गुडघ्यावर हात टेकायचे, पण परत निघायचे. मालकीणबाई मागून एक शब्द बोलत नसत. एवढं न बोलणं त्यांना पळण्यापेक्षा जड जात असणार.

आणि मग मंडळानं रस्ता बदलला. नेहमीच्या रस्त्यावर खोदकाम निघालं होतं, म्हणून दौड पुलावरून स्टेशनपलीकडे नेऊन त्या बंद कारखान्याच्या गेटावरून फिरवून आणायचं ठरलं. मालकीणबाई मंडळाच्या माणसांशी चालता चालता भांडल्या, पण खोदलेला रस्ता काय बुजवता येतो? काकांना हे कळलं त्या संध्याकाळी ते बूट काढून परत खुर्चीत बसले. तीन सकाळी ते सरावाला आले नाहीत. चौथ्या सकाळी मी खाली आले तर मालकीणबाई एकट्याच रस्त्यावर होत्या. खांद्यावरचा पदर मागे सोडलेला, त्याला रिकामं उपरणं बांधलेलं, आणि त्या एकट्या पळत होत्या. उपरणं रस्त्यावरून फरफटत होतं. बिल्डिंगमध्ये सगळे खिडक्यांत आले. काका खिडकीतच होते. जरा वेळानं ते बाहेर आले, उपरणं उचललं, झटकलं आणि खांद्यावर घेतलं. "मळवलंस," एवढंच म्हणाले.

दौडीच्या दिवशी मैदानावर सगळा गाव लोटला होता. बदलापूर गावाहून मालकीणबाईंचे भाऊ आले होते, आणि आमचे सासरे पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि मी सवयीप्रमाणे पुढे झाले. हे हळूच कानाशी म्हणाले, "आज मी पुढे होतो."

"अहो, पण काकांनी सांगितलंय ना?"

"बाबा बघतायत," हे म्हणाले, आणि फेटा सावरत पुढे जाऊन उभे राहिले.

मी रांगेवर नजर टाकली. आमच्या बिल्डिंगमधल्या एकूण एक नवऱ्यानं तेच केलं होतं. पहाटेच्या अंधारात बायकोमागून पळणारे हे सगळे वीर, डोक्यावर फेटा चढताच लग्नात चालले होते तसे पुढे झाले होते. गणपतीबाप्पाचा गजर झाला, नवरे सुटले, आणि पोस्ट यायच्या आत गाठी पटापटा सुटायला लागल्या. आमची सुटली तेव्हा ह्यांना कळलंही नाही. रिकामं उपरणं घेऊन ते पुढे धावतच गेले. त्यांना हाक मारून परत आणावं लागलं. मी आश्विनापासून केलेल्या सरावाची आठवण काढून यांना जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण बाद झालो म्हणून मला पुढचं बघायला मिळालं. आम्ही आडवाटेनं पूल ओलांडून गेटापाशी जाऊन उभे राहिलो. तिथे गर्दी होती आणि त्या गर्दीत काकांचे जुने कामगार होते. त्यांच्या घरांचीच ती बाजू. जोड्या एकेक करून गेटावरून वळून जात होत्या. सगळ्यात मागे काका आले, आणि त्यांच्या मागे, त्यांच्या पायांवर नजर ठेवून, मालकीणबाई.

काका गेटासमोर आले आणि थांबले. गंजलेल्या गेटाकडे त्यांनी पाहिलं, मग माणसांकडे. मालकीणबाईही थांबल्या. शिट्टी त्यांच्या दातांत होती, पण ती त्यांनी वाजवली नाही. इतक्या महिन्यांची मेहनत आता या रस्त्यावर एक तर उभी राहणार होती नाहीतर बसणार होती.

भाजीची गाडी लावणारा एक कामगार पुढे झाला. काका त्याला म्हणाले, "मी तुम्हाला शब्द दिला होता."

"तो वरच्यांचा शब्द होता, साहेब. तुमच्या तोंडून आला एवढंच. आम्हाला काय समजत नाय काय?" तो म्हणाला. "तुम्ही रस्ता ओलांडून जायचात, ते जास्त लागलं आम्हाला."

त्या माणसानं आपले हात सदऱ्याला पुसले आणि काकांच्या कपाळावरची सरकलेली मुंडावळी नीट केली, लग्नात नवरदेवाची करतात तशी.

"आता पळा, साहेब. आपल्या खात्यातला माणूस मागे राहिला तर बरं नाय दिसत."

काका पळाले. आणि त्यांच्याबरोबर रस्त्याच्या कडेनं त्यांचं अख्खं खातं पळालं. रिक्षावाल्यानं रिक्षा तशीच सोडली. लुंगी वर खोचून म्हातारे पळाले. मी आणि हेसुद्धा पळालो. मालकीणबाई सगळ्यांच्या मधून, मान ताठ ठेवून, डोळ्यांतलं पाणी न पुसता पळत होत्या, कारण एक हात गाठीवर होता आणि दुसऱ्या हातानं त्या लोकांना बाजूला सारत होत्या. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला, की मी अनोळखी माणसांना सांगत सुटले, "हे आमचे मालक. आम्ही यांच्याकडेच राहतो."

मैदानात ते सगळ्यांच्या शेवटी पोचले. पण गाठ शाबूत असलेल्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या, म्हणून त्यांचा तिसरा नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो घ्यायची वेळ आली तेव्हा मालकीणबाई मुद्दाम भावांना बाजूला घेऊन काहीतरी बोलत राहिल्या आणि काकांना एकट्याला वर जावं लागलं. टाळ्या थांबेनात. आमच्या सासऱ्यांनीही उभं राहून वाजवल्या, आणि बसताना मुलाकडे पाहून म्हणाले, "तू पुढे कशाला पळत होतास रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले. खिडकीतली खुर्ची रिकामी होती. मालकीणबाई फाटकात उभ्या होत्या.

"काकू, काका कुठे?"

"नाय माहीत."

मी घाबरले. "नाही माहीत म्हणजे?"

"म्हणजे गेले. बूट घातले नि गेले. मी विचारलं कुठे, तर येतो म्हणाले." त्या रस्त्याच्या टोकाकडे बघत होत्या. "तीन वर्षं मना कोणीबी विचारलं असतं ना गो, तर डोळे मिटून सांगितलं असतं नवरा कुठे हाय ते. आज नाय माहीत."

त्या फाटकाला रेलून अशा ऐटीत उभ्या होत्या, की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकानं आपल्याला हाच प्रश्न विचारावा. तेवढ्यात दूधवाला आला, सायकल थांबवून त्यानं खिडकीत डोकावलं आणि विचारलं, "आज काका नाहीत?"

"नाहीत," मालकीणबाई म्हणाल्या, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "कुठे गेलेत, नाय माहीत."